भाताच्या पोत्यांवर उभा राहिलेला महाकाल

१९५५ साली आपल्या मोझरीची खंजिरी जपानात वाजली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज त्या वर्षी जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेला गेले होते. गुरुकुंजाच्या आसपासच्या गावांत ही हकीकत जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकायला मिळते, आणि ती सांगताना सांगणाऱ्याची मान जरा ताठ होते. यावलीसारख्या खेड्यात जन्मलेला माणूस एवढ्या लांब जाऊन आला, याचे अप्रूप वाटणारच. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, महाराजांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी आपल्याकडचे काही पाहुणे त्या देशात पोहोचले होते. ते परत आले नाहीत. त्यांनी तिथला वेष घेतला, तिथली नावे घेतली, आणि एक जण तर भाताच्या पोत्यांवर उभा राहून चुलीजवळ हसत बसला. हे पाहुणे म्हणजे आपले देव.

जपानी माणूस सात देवांना सुदैवाचे देव मानतो. त्यांना एकत्रितपणे 'शिचिफुकुजिन' म्हणतात. शिचि म्हणजे सात, फुकु म्हणजे भाग्य, जिन म्हणजे देव. एबिसु, दाइकोकु, बिशामोन, बेन्झाइतेन, होतेई, फुकुरोकुजु आणि जुरोजिन ही त्यांची नावे. नवीन वर्षाच्या सुरुवातीला लोक या सातांच्या देवळांची फेरी करतात, आपल्याकडे अष्टविनायकाची करतात तशी. सातही देव एका खजिन्याच्या जहाजात बसून येतात अशी तिकडे समजूत आहे. त्या जहाजाचे चित्र नववर्षाच्या दुसऱ्या रात्री उशीखाली ठेवून झोपले की चांगले स्वप्न पडते, असेही मानतात. या सातांत अस्सल जपानी देव एकच, एबिसु. तिघे चीनमधून आले. उरलेले तिघे, दाइकोकु, बिशामोन आणि बेन्झाइतेन, आपल्याकडचे.

या देवांच्या चिनीमातीच्या लहान मूर्ती जपानात शेकडो वर्षे घडत आल्या. त्यांतल्या जुन्यांना जगभर गिऱ्हाईक आहे. आपल्याकडेही कोणाच्या फडताळात, कोणाच्या ट्रंकेत अशी एखादी मूर्ती निघते, आणि मग घरात प्रश्न पडतो: हा कोण? देव्हाऱ्यात ठेवायचा की शोकेसमध्ये? विकला तर किती येतील? गेल्या काही वर्षांत असे प्रश्न माझ्यापुढे दोन-चार वेळा आले. ते कृषी खात्याच्या माणसाला का विचारावेत, हे मला सांगता येणार नाही. पण गावात ग्रामसेवक, गुरुजी आणि कृषी साहेब यांना सगळेच विचारले जाते.

काळा देव स्वयंपाकघरात कसा शिरला

आधी दाइकोकुची ओळख करून घेऊ, कारण शेतकऱ्याच्या घराशी सर्वांत जवळचा तोच. ठेंगणा, गुबगुबीत, डोक्यावर चपटी टोपी, चेहऱ्यावर हसू. डाव्या हाताने पाठीवर मोठे गाठोडे धरलेले, उजव्या हातात लाकडी मोगरी. पायाखाली भाताची दोन पोती. ही पोती तागाची नसतात. भाताच्या पेंढ्याची असतात, कोकणात धान्याचा मुडा बांधतात तशी. अशा एका पोत्यात सुमारे ६० किलो तांदूळ मावतो. मोगरी आपटली की मागाल ते पडते, अशी तिची ख्याती आहे.

आता नाव पाहा. 'दाई' म्हणजे मोठा, 'कोकु' म्हणजे काळा. महा आणि काल. आपल्याच शब्दाचा अर्थ तिकडच्या भाषेत उतरवलेला आहे. उज्जैनला ज्याच्या दर्शनाला आपण जातो तो महाकाल बौद्धांनी धर्माचा रक्षक म्हणून आपलासा केला, आणि भिक्षूंबरोबर तो चीनमार्गे जपानला गेला. मूळचा हा देव उग्र. त्याचे डोळे वटारलेले, हातांत शस्त्रे. मग तो चुलीजवळ कसा गेला आणि हसायला कसा लागला?

याचा एक धागा भारतातच सापडतो. इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू सातव्या शतकात भारतात आला. नालंदेला तो कित्येक वर्षे राहिला, आणि इकडच्या मठांची रीत त्याने लिहून ठेवली. तो सांगतो की इथल्या मोठ्या विहारांत स्वयंपाकघराच्या खांबाजवळ किंवा कोठीच्या दाराशी दोन-तीन फूट उंचीची लाकडी मूर्ती असते. तिच्या हातात सोन्याची थैली, एक पाय खाली सोडलेला. तिला रोज तेल लावतात, त्यामुळे तिचे तोंड काळे पडलेले असते, आणि तिला महाकाल म्हणतात. हे वाचताना मला आपल्या वेशीवरचा मारुती आठवला. तेलाने काळवंडलेला देव आपल्या डोळ्यांना नवा नाही. म्हणजे उग्र महाकालाला अन्नाचा राखणदार करण्याचे काम इथल्याच मठांतल्या स्वयंपाक्यांनी आधी केले होते. जपानात साइचो नावाच्या आचार्याने (७६७ ते ८२२) हिएई पर्वतावर मोठा मठ वसवला. त्याच्या भटारखान्याचा रक्षक म्हणून दाइकोकु तिथे बसला, असे परंपरा सांगते.

पुढची गंमत भाषेची आहे. जपानात ओकुनिनुशी नावाचा जमिनीचा, भूमी वसवणारा एक जुना देव होता. त्याच्या नावातली 'मोठा देश' ही अक्षरे दुसऱ्या रीतीने वाचली तर उच्चार होतो 'दाइकोकु'. उच्चार एक झाला म्हणून लोकांनी देवही एक केले. त्या भूमिदेवाचे गाठोडे आपल्या महाकालाच्या पाठीवर आले. त्याचा उंदीरही आला. कथा अशी की ओकुनिनुशी पेटलेल्या माळावर आगीत सापडला, तेव्हा उंदराने त्याला बिळाची जागा दाखवून वाचवले. म्हणून दाइकोकुच्या पायाशी पुष्कळदा उंदीर असतो. आमच्या खात्याने शेतकऱ्याला उंदराच्या बिळात झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकायला शिकवण्यात वर्षे घालवली, आणि तिकडे धान्याच्या देवाने उंदीरच पाळलेला! पण आपल्या गणपतीचे वाहन तरी कोणते? धान्य तिथे उंदीर, हे जुन्या लोकांना आमच्यापेक्षा आधी कळले होते, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

जपानच्या जुन्या शेतघरांत मधला जो जाड खांब सारे छप्पर तोलतो, त्याला 'दाइकोकुबाशिरा' म्हणतात, म्हणजे दाइकोकुचा खांब. घरच्या कर्त्या माणसालाही हाच शब्द वापरतात. दाइकोकु आणि एबिसु यांची जोडी स्वयंपाकघरात फळीवर मांडायची तिकडे रीत होती. चुलीच्या धुराने त्या मूर्ती काळ्याकुट्ट होत. नावाप्रमाणे देव पुन्हा काळा झाला!

आपल्या वऱ्हाडात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा काय करतात ते आठवा. ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे कोठ्यांवर चढवतात, आणि कोठ्यांत गहू-तांदूळ भरतात. वरून पातळ नेसवले की कोठी दिसत नाही, पण देवी उभी असते ती धान्यावर. सोळा भाज्या, आंबील, पुरण हे सारे नंतर. जपानी शेतकऱ्याने आपल्या देवाला पोत्यांवर उभे केले आणि आपल्या आयाबायांनी धान्याच्या कोठीवर. कोणी कोणाचे पाहून केलेले नाही. ज्याच्या घरी पुढच्या हंगामापर्यंतचे धान्य आहे त्याच्याच घरी लक्ष्मी आहे, हे दोघांना आपापल्या अनुभवाने कळले.

सरस्वती, कुबेर आणि बाकीचे

बेन्झाइतेन ही आपली सरस्वती. वीणेऐवजी तिच्या हाती 'बिवा' नावाचे जपानी तंतुवाद्य आले. मूळची ती नदीची देवता, म्हणून तिची देवळेही पाण्याकाठी किंवा बेटांवर आहेत. एनोशिमा, चिकुबुशिमा आणि इत्सुकुशिमा ही त्यांतली तीन नामांकित. पांढरा साप तिचा दूत. तिच्या नावातले एक अक्षर पूर्वी 'बुद्धी, हुन्नर' या अर्थाचे होते. पुढे त्याच उच्चाराचे 'संपत्ती' या अर्थाचे अक्षर तिथे लिहू लागले. आपल्याकडे लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत म्हणतात. तिकडे एकाच देवीने दोघींचा संसार सांभाळला. आपली लक्ष्मीही 'किचिजोतेन' या नावाने तिकडे गेली. काही जुन्या याद्यांत तिला सातांमध्ये धरतातही, पण लोकांच्या मनात बेन्झाइतेनच ठसली.

बिशामोन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. आपल्याकडचा ढेरपोट्या कुबेर तिकडे चिलखत घालून शिपाई झाला. एका हातात भाला, दुसऱ्या हातात लहानसा स्तूप. धनाला पहारा हवा, हे ओघाने आलेच.

एबिसु हा कोळ्यांचा आणि दुकानदारांचा देव. हातात गळ, काखेत लाल मासा. काही खेड्यांत त्याला शेताचा देवही मानतात. तो जरा कमी ऐकतो म्हणे, म्हणून ओसाकाच्या एका देवळात भाविक मागच्या भिंतीवर थाप मारून आपले गाऱ्हाणे सांगतात. लांबलचक कपाळाचा फुकुरोकुजु आणि हरिणाबरोबरचा म्हातारा जुरोजिन हे दोघे दीर्घायुष्याचे देव. दोघे इतके सारखे की जपानी लोकांचाही घोटाळा होतो.

राहिला होतेई. याला तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. पोट उघडे, खांद्यावर झोळी, तोंडभर हसू. बाजारात 'लाफिंग बुद्धा' म्हणून प्लास्टिकपासून पितळेपर्यंत विकतात तो हाच. हा गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये बुदाई नावाचा एक फिरस्ता भिक्षू होऊन गेला. झोळीत असेल ते पोरांना वाटायचा. लोकांनी त्याला पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा अवतार मानले. आपल्याकडे मात्र सांगतात की हा विकत घ्यायचा नाही, कोणी भेट दिला तरच लाभतो, त्याचे पोट चोळले की पैसा येतो, तोंड दाराकडे हवे, वगैरे. भेट द्यायची म्हटली तरी कोणीतरी दुकानात जाऊन विकत घ्यावी लागतेच, एवढे लक्षात ठेवा. कापसाची पट्टी आली की त्याच आठवड्यात गावात असले नशीब विकणारे फिरू लागतात. हंगाम आम्हांला कळत नाही तेवढा त्यांना कळतो.

माती, भट्टी आणि भोक

आता मूर्तीच्या मातीविषयी. लोणच्याच्या बरणीला आपण चिनीमातीची म्हणतो, पण बरणीची माती जाड आणि भरड. पोर्सिलेन हा तिचा उच्चकुळी नातेवाईक. त्यासाठी विशिष्ट पांढरा दगड कुटून, धुऊन, गाळून लोण्यासारखी माती करावी लागते, आणि भट्टी १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावी लागते. तेव्हा ती काचेसारखी एकजीव होते. पातळ भाग उजेडाकडे धरला तर प्रकाश आरपार दिसतो, आणि टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज येतो. कुंभाराच्या मडक्याची टिचकी 'टक्' करून थांबते.

चीनला ही विद्या फार पूर्वीपासून अवगत होती. जपानला ती कोरियातून मिळाली, आणि तीही लढाईच्या वाटेने. १५९२ ते १५९८ या काळात जपानच्या हिदेयोशीने कोरियावर स्वाऱ्या केल्या. परतताना जपानी सरदारांनी तिथले कुंभार आणले. त्यांतल्या री साम्पेई नावाच्या कारागिराला क्युशू बेटावर आरिताजवळ हवा तो दगड सापडला. ही गोष्ट १६१६ सालची असे परंपरा मानते. आपल्या गावातून उचलून नेलेल्या माणसाने परमुलुखात असे काम उभे केले, आणि आज आरितात त्याचे स्मारक आहे. आरिताचा माल इमारी बंदरातून बाहेर जाई, म्हणून परदेशात त्याला 'इमारी' नाव पडले. सतराव्या शतकाच्या मध्यापासून डच कंपनीच्या जहाजांनी तो युरोपापर्यंत नेला.

मूर्तींसाठी नावाजलेली ठिकाणे निरनिराळी. हिरादोचे काम पांढरेशुभ्र आणि बारीक. कुतानीच्या मूर्ती हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या रंगांनी आणि सोनेरी रेघांनी भरलेल्या. बिझेनच्या मूर्ती पोर्सिलेनच्या नसतात. त्या बिनझिलईच्या, तांबूस-तपकिरी, दगडासारख्या टणक मातीच्या असतात, आणि खरे सांगायचे तर शेतकऱ्याच्या देवाला तोच रंग मला जास्त शोभतो. सात्सुमाची मूर्ती साईच्या रंगाची आणि बारीक तड्यांच्या जाळीची असते. तीही खऱ्या अर्थाने पोर्सिलेन नाही. सेतो गावी विसाव्या शतकात परदेशी बाजारासाठी ढिगांनी बाहुल्या आणि मूर्ती झाल्या. आपल्याकडे सापडण्याचा जास्त संभव या शेवटच्या प्रकाराचा.

मूर्ती साच्यातून काढतात आणि आतून पोकळ ठेवतात. भरीव माती भट्टीत तडकते. पोकळ मूर्तीतली हवा तापून फुगते, तिला वाट नसेल तर मूर्ती फुटते. म्हणून बुडाशी किंवा पाठीमागे एक लहान भोक ठेवलेले असते. ते पाहून 'देवाला भोक पडले' म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

कापूस गेला, चिनीमाती आली

या मूर्ती आपल्या मुलखात आल्या कशा, याचे उत्तर कापसात आहे. जपानात सूतगिरण्या वाढल्या तेव्हा त्यांना आखूड धाग्याचा स्वस्त कापूस हवा होता, आणि तो आपल्याकडे होता. १८९३ साली जमशेटजी टाटा यांच्या पुढाकाराने आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीच्या साहाय्याने मुंबई ते जपान अशी थेट जहाजे सुरू झाली. इंग्रज जहाज कंपन्यांची भाड्याची मक्तेदारी मोडावी हा हेतू. वऱ्हाडच्या गाठी रेल्वेने मुंबईला जात आणि तिथून बोटीने जपानला. येताना त्या बोटी कापड, काचसामान, खेळणी, कपबश्या आणत. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या बाजारात जपानी चिनीमातीचा माल स्वस्त मिळू लागला.

या व्यापाराने वऱ्हाडच्या शेतकऱ्याला चटकाही दिला आहे. १९३३ साली सरकारने बिगर-ब्रिटिश कापडावरची जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापूस घेणे बंद केले. आधीच मंदीने भाव पडलेले, त्यात मोठे गिऱ्हाईक गेले. पुढे १९३४ मध्ये करार झाला: जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला तर त्याचे साडेबत्तीस कोटी वार कापड इकडे येऊ द्यायचे. आपल्या पणजोबांच्या पऱ्हाटीचा भाव ओसाकाच्या गिरणीशी असा बांधलेला होता. परदेशातल्या बाजारामुळे कापूस पडतो असे आज आपण म्हणतो. ते काही आजचे नाही.

दोन भाऊ आणि पोत्यावाला बाप्पा

तिवसा तालुक्यातल्या एका घरी मी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासायला गेलो होतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडून गुंडाळी ठेवली, हात धुतले, चहा आला. कोठीशेजारच्या कोनाड्यात वीतभर उंचीची मूर्ती होती. टोपी, गाठोडे, मोगरी, दोन पोती. मी पाहतच राहिलो. घरात त्याला 'पोत्यावाला बाप्पा' म्हणत. घरच्या आजोबांनी तो तरुणपणी मुंबईहून आणला, एवढेच ठाऊक.

घरात वाटणी चालू होती. शेत झाले, बैलजोडी झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, भांडी मोजून झाली. अडले ते या बाप्पावर. कोणीतरी बाजारात सांगितले होते की अशी मूर्ती तीनशे वर्षांची असते आणि तिचे लाखो रुपये येतात. थोरल्याला ती विकून वाटणी करायची होती. धाकटी सून म्हणत होती की घराची बरकत त्याच्यातच आहे, विकायचा नाही आणि द्यायचाही नाही. बोलणे बंद होण्यापर्यंत पाळी आली होती. दोन्ही पोरांकडे पाळीपाळीने जेवणारी त्यांची माय कोठीला टेकून गप्प बसली होती.

"साहेब, तुमी शिकेल मानूस हा," थोरला म्हणाला, "हा देव खरा किती वर्साचा, तेवढं सांगा."

मी मूर्ती दोन्ही हातांनी उचलून उलटी केली. बुडाशी भोक होते, आणि त्याच्याजवळ इंग्रजी छाप होता, 'मेड इन जपान'. अशा छापाची वस्तू १९२१ नंतरची धरतात. सोनेरी रंग ठिकठिकाणी गेलेला, मोगरीची एक कड उडालेली. मी सांगितले की हा तीनशे वर्षांचा नाही. याचे लाख तर नाहीतच, हजाराचाही भरवसा नाही. मग तो कोण, कुठून निघाला आणि कुठे पोहोचला, ही वर लिहिलेली सारी हकीकत सांगितली.

लाखाचे ऐकल्यावर ताणलेले चेहरे जरा सैल झाले. धाकट्याने विचारले, "म्हंजे हा आपलाच महाकाल हाय म्हना की."

म्हातारी इतका वेळ काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "मी ज्या महिन्यात ज्याच्या घरी जेवन, त्या महिन्यात बाप्पा त्याच्या घरी. मी नेईन, मीच आनीन. मी हावो तोवर कोनी हात लावू नोका."

यावर कोणी बोलले नाही. चौथ्या दिवशी गुंडाळी उघडली तर शंभरपैकी ७४ दाणे उगवले होते. बियाणे ठीक होते. मूर्ती तेव्हा कोनाड्यात नव्हती. महिना बदलला होता.

तुमच्या घरी अशी मूर्ती असेल तर

प्रथम ती उलटी करून पाहा. १८९१ पासून अमेरिकेत कायदा लागू झाला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव हवे. तेव्हापासून जपानी मालावर 'निप्पॉन' असा छाप येऊ लागला, १९२१ पासून 'जपान' किंवा 'मेड इन जपान'. दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर १९५२ पर्यंत जपान परकीय फौजांच्या ताब्यात होता. त्या काळातल्या कित्येक वस्तूंवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असे आढळते. नुसती जपानी अक्षरे असली किंवा काहीच छाप नसला तर ती जुनी असू शकते, पण तेवढ्यावर खात्री धरू नये. अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर छाप नसेही, आणि जुन्या छापांची नक्कल करणे हा तर स्वतंत्र धंदा आहे. बुडाची कड पाहावी. जिथे झिलई नसते तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने आलेली गुळगुळीत झीज असते. नव्या मूर्तीची कड बोटाला खरखरीत लागते, आणि चहापत्तीच्या पाण्याने रंगवलेला जुनेपणा ओल्या फडक्याने निघतो.

मूर्ती खरोखर शंभर वर्षांवरची ठरली तर आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. दारावर येऊन 'आत्ता रोख देतो, कागद नको' म्हणणाऱ्याला पाणी पाजून वाटेला लावावे. उत्तम चिनी-जपानी काम डोळ्यांनी पाहायचे असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या वस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जपानी दालन आहे. मुलांची सहल त्या बाजूला जाणार असेल तर गुरुजींना आधी सांगून ठेवा, नाहीतर पोरे नुसती तलवारी पाहून परततात.

देव्हाऱ्यात ठेवावी का, असे अजून कोणी विचारले तर ते घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे. माझे मत विचाराल तर धान्याच्या कोठीजवळची जागा त्याची जुनी आहे.

मूर्ती धुताना कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. राख, चिंच, लिंबू, तारेची घासणी यांना लांब ठेवा. रंग आणि सोने झिलईच्या वर दिलेले असते, घासले की जाते आणि परत येत नाही. तेल-शेंदूर लावू नका, बारीक तड्यांत मुरला की निघत नाही. बुडाच्या भोकातून आत पाणी जाऊ देऊ नका. टोपलीत किंवा ताटात जाड कपडा अंथरून त्यावर धुवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. उचलताना मोगरीला किंवा डोक्याला धरून उचलू नका, बुडाखाली हात द्या. आणि पायाशी उंदीर असेल तर त्याला जपा. कान, शेपटी असे बाहेर आलेले भागच सर्वांत आधी तुटतात.